हिवाळी हवा आणि झाडांचे पराग

मुंबईच्या गिरगाव भागातील पुष्कळ वाड्यांना झाडांची व पिकांची नावे आहेत. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी ही नावे ऐकली म्हणजे एके काळी हा भाग बागायती होता याची खूण पटते. आज फणसवाडीत चाळी, इमारती, अरुंद गल्ल्या आणि वेंकटेशाचे देऊळ आहे. तथापि तेथील अनेक कुटुंबांचे मूळ घर कोकणात किंवा घाटावर असून गावाशी त्यांचे येणे-जाणे चालू असते. अशा घरांत पौष-माघात एक तक्रार हटकून ऐकू येते. गावाहून परतलेल्या मुलाला सकाळी उठल्याबरोबर दहा-वीस शिंका येतात, नाकातून पाणी गळते, डोळे चुरचुरतात, रात्री छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज येतो. ताप मात्र नसतो. कोणी म्हणतो गावचे पाणी बाधले, कोणी म्हणतो मुंबईची हवा बाधली. गावाकडेही हेच प्रश्न निघतात आणि बहुधा अंगणातील एखाद्या फुललेल्या झाडावर ठपका ठेवून कुऱ्हाड उचलली जाते.

या तक्रारीमागे पुष्कळदा झाडांचे पराग असतात. परंतु ज्या झाडावर संशय घेतला जातो ते बहुधा निर्दोष असते. आणि जे झाड खरोखर पराग उधळीत असते त्याचा फुलोरा कोणाच्या ध्यानीही येत नाही. तो पराग किती उधळावा, किती दूर जावा व कोणत्या वेळी खाली उतरावा, हे हिवाळी हवा ठरविते. हा संबंध नीट समजला तर औषधोपचार वेळेवर होतो, लागवड शहाणपणाने होते आणि विनाकारण झाडे तोडली जात नाहीत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी तो समजून घेणे यासाठी आवश्यक आहे.

पराग का बाधतो?

फुलातील पुंकेसराच्या टोकाशी परागकोश असतो व त्यात परागकण तयार होतात. वाऱ्यावर जाणाऱ्या बहुतेक परागकणांचा व्यास वीस ते चाळीस मायक्रॉन असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सुटा कण डोळ्यांना दिसत नाही. असंख्य कण एकत्र आले म्हणजे पिवळसर भुकटी दिसते.

परागकण विषारी नसतो. त्याच्या आवरणावर व पोटात काही प्रथिने असतात. कण नाकातील ओलसर अस्तरावर पडला की काही मिनिटांत ती प्रथिने विरघळून बाहेर येतात. बहुसंख्य लोकांचे शरीर त्यांची दखल घेत नाही. काहींचे शरीर मात्र त्यांना शत्रू मानून त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये बनविते. पुढच्या खेपेस तोच पराग आला की हिस्टामीनसारखे पदार्थ शरीरात मोकळे होतात आणि शिंका, पाणी, खाज व दमा सुरू होतो. यालाच अधिहृषता किंवा बोलण्यात ॲलर्जी म्हणतात. एकाच घरात, एकाच झाडाखाली वाढलेल्या दोन भावांपैकी एकाला त्रास व्हावा आणि दुसऱ्याला होऊ नये, याचे कारण हेच होय.

दोन तऱ्हेची झाडे

परागीभवनाच्या रीतीवरून झाडांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग कीटकांकडून किंवा पक्ष्यांकडून परागीभवन करून घेणाऱ्यांचा. त्यांची फुले रंगीत, सुवासिक किंवा मधाने भरलेली असतात. पळस, पांगारा, काटेसावर, कांचन, करंज ही याची उदाहरणे. त्यांचा पराग चिकट व तुलनेने थोडा असून तो हवेत फारसा उडत नाही. आंब्याचा मोहोरही मुख्यतः माश्या व इतर कीटकांवर अवलंबून असतो. मोहोराच्या ऐन भरात अगदी झाडाखाली वावरणाऱ्या एखाद्यास त्रास होईल. परंतु आंब्याचा पराग वाऱ्यावर लांबचा पल्ला गाठीत नाही.

दुसरा वर्ग वाऱ्यावर विसंबणाऱ्यांचा. वाऱ्याला रंग दिसत नाही व वास येत नाही; म्हणून या झाडांची फुले बारीक, हिरवट आणि साधी असतात. वारा कण कोठे नेईल याचा भरवसा नसल्यामुळे ही झाडे पराग अपरिमित तयार करतात. तो कोरडा, सुटा व हलका असतो. काही झाडे दोन्ही रीतींचा उपयोग करतात. त्यांचाही पराग हवेत सापडतो. आपल्याकडे ज्यांचा पराग बाधक ठरला आहे अशी पुढील झाडे विशेष ध्यानी ठेवावीत.

वावळ: हिवाळ्यात याची पाने गळतात आणि पौष-माघात उघड्या फांद्यांवर बारीक हिरवट-तपकिरी फुलांचे झुबके येतात. पुढे चपट्या, गोल, पंखधारी फळांचे घोस लागतात तेव्हा लोकांचे लक्ष जाते; पण तोवर पराग उडून गेलेला असतो.

महारुख: शेताच्या बांधावर व रस्त्याकडेला लावतात. शेळ्यांना याचा पाला घालतात. फुलोरा साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात येतो.

वेडी बाभूळ: पडीक जमिनीवर व ओढ्याकाठी माजलेली ही परदेशी बाभूळ हिवाळा सरताना फुलू लागते. उत्तर भारतातील परागबाधेत तिचा वाटा मोठा असल्याचे दिसून आले आहे.

सुरू: कोकण किनाऱ्यावर वाळू व वारा अडविण्यासाठी याची बने लावली आहेत. डहाळ्यांच्या टोकांशी येणारे नर फुलोरे हिवाळ्याच्या अखेरीस पराग सोडतात.

माड, ताड व शिंदी: माडाला बारमाही पोगी येत असल्याने त्याचा पराग वर्षभर असतो. ताड व शिंदी यांत नर व मादी झाडे वेगळी असतात. पराग फक्त नर झाडापासून येतो.

याखेरीज बांधावरील एरंड हे झाड नसून झुडूप असले तरी त्याचा पराग वाऱ्यावर जातो व बाधतो.

फणसवाडीला ज्याचे नाव मिळाले त्या फणसाविषयीही येथे सांगणे उचित होईल. फणसाच्या एकाच झाडावर नर व मादी असे वेगळे फुलोरे हिवाळ्यात येतात. नर फुलोऱ्यावर पिवळसर भुकटी धरते; मग तो काळा पडून गळतो. पुष्कळ बागायतदार ही फळगळ समजून घाबरतात व औषध फवारतात. नर फुलोऱ्याचे काम संपल्यावर त्याचे गळणे स्वाभाविक आहे. त्यावर फवारणीचा खर्च करू नये. बाधक परागाच्या प्रमुख झाडांत फणसाची गणना होत नाही.

थंडी फुलोऱ्याची वेळ ठरविते

हापूसचे बागायतदार आकाशाकडे पाहून मोहोराचा अंदाज बांधतात. पाऊस लांबला आणि जमिनीत ओल राहिली तर झाड पालवी काढीत राहते. ओल तुटली व रात्री थंड झाल्या की मोहोर फुटतो. थंडी उशिरा आली तर मोहोरही उशिरा येतो. पानगळीच्या वनवृक्षांचे वेळापत्रकही ओल व थंडी यांवरच चालते. ओल तुटली की पाने गळतात आणि मग उघड्या फांदीवर फुले येतात. पाने नसल्यामुळे वाऱ्याला अडथळा राहत नाही व पराग थेट मोकळ्या हवेत जातो.

एक गोष्ट आणखी ध्यानी घ्यावी. कडक थंडीत कळ्यांची वाढ मंदावते. थंडीची लाट ओसरून चार दिवस ऊन तापले की थबकलेल्या कळ्या एकदम उमलतात. त्यामुळे जो पराग तीन आठवडे थोडा थोडा सुटला असता तो आठवड्याभरात सुटतो. थंडीत बरे असलेले लोक थंडी कमी झाल्यावर खोकू लागतात व “हवा पालटली, म्हणून बाधली” असे म्हणतात. म्हणणे खोटे नाही. पण पालटलेल्या हवेने फुलोरा उघडला, हे मधले कारण त्यात सुटून जाते.

कोरडी हवा परागकोश उघडते

तिळाच्या सुकलेल्या बोंडाकडे पाहावे. तिळाचे बोंड ओले असता मिटलेले राहते व सुकले म्हणजे तडकून दाणे सांडते. परागकोशही असाच सुकून तडकतो. दव पडलेले असेल, धुके दाटले असेल, तर तो मिटून राहतो. ऊन चढले, हवेतील दमटपणा उतरला, म्हणजे भिंत आकसते, शिवण उसवते आणि पराग मोकळा होतो. म्हणून पराग सुटण्याची वेळ साधारणतः सकाळी दव वाळल्यानंतर सुरू होते.

आता हिवाळ्याचा विचार करावा. ऑक्टोबरात पाऊस परतला की महाराष्ट्रावर उत्तरेकडून व पूर्वेकडून कोरडी हवा येऊ लागते. घाटमाथ्याच्या पूर्वेस दुपारी हवा फारच कोरडी होते. कोकणपट्टीत समुद्रामुळे दमटपणा काहीसा टिकतो. म्हणून वावळ, महारुख व वेडी बाभूळ यांचा उपद्रव देशावर अधिक जाणवतो, तर किनाऱ्यावर सुरू व माड यांचा पराग अधिक आढळतो.

सकाळी दाबून धरलेली हवा, दुपारी उचललेली हवा

परागकण किती दूर जातो याचा साधा हिशेब करून पाहता येईल. मध्यम आकाराचा परागकण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे पावणेतीन सेंटिमीटर या गतीने खाली येतो. दहा मीटर उंचीच्या फांदीवरून सुटलेल्या कणाला जमिनीवर येण्यास सुमारे सहा मिनिटे लागतील. तेवढ्या वेळात ताशी दहा किलोमीटरचा मंद वारा त्याला एक किलोमीटर नेऊन टाकील. वारा सौम्य असताना ही गोष्ट. दुपारी जमीन तापून हवा वर चढू लागली म्हणजे तिचा वर जाण्याचा वेग कणाच्या पडण्याच्या वेगापेक्षा कितीतरी अधिक असतो. मग कण पडतच नाही. वर जातो व कित्येक किलोमीटर प्रवास करतो. चार्ल्स ब्लॅकली या इंग्रज डॉक्टराने आपला परागबाधेवरील ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध केला. त्याने पतंगाला चिकट काच बांधून आकाशात सोडली होती आणि उंच हवेतही पराग असल्याचे दाखवून दिले होते.

गहू पिकविणाऱ्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. आग्ऱ्याच्या डॉ. के. सी. मेहता यांनी दीर्घकाळ अभ्यास करून दाखविले की, तांबेऱ्याचे बीजाणू मैदानातील उन्हाळ्यात टिकत नाहीत. ते डोंगराळ मुलखात तग धरतात व वाऱ्यावर बसून पुन्हा मैदानात उतरतात. निलगिरी व पळणीच्या डोंगरांतून निघालेला तांबेरा जर शेकडो मैल येतो, तर शेजारच्या शिवारातील वावळीचा पराग गावात येणे ही सामान्य गोष्ट होय. हवेतील बीजाणू व पराग मोजण्याचे जे यंत्र आज जगभर वापरतात तेही शेतीच्या संशोधनातूनच निघाले. इंग्लंडमधील रॉथम्स्टेड येथील शेती संशोधन केंद्रात जे. एम. हर्स्ट यांनी १९५२ मध्ये पिकांच्या रोगांच्या बीजाणूंसाठी ते तयार केले.

हिवाळ्याचा खरा डाव मात्र रात्री व पहाटे दिसतो. आकाश निरभ्र असल्याने सूर्यास्तानंतर जमीन झपाट्याने थंड होते व तिला लागून असलेली हवाही थंड होते. थंड हवा जड म्हणून खाली राहते आणि तिच्यावर उबदार हवेचे जणू झाकण बसते. यास तापमानाची विपरीतता म्हणतात. ही ओळखण्यास यंत्र नको. पहाटे चुलींचा धूर सरळ वर न चढता गावावर चादरीसारखा आडवा पसरलेला दिसला, की झाकण बसले आहे असे समजावे. दुपारी वर गेलेले परागकण संध्याकाळी हवा निवू लागली म्हणजे खाली येतात आणि याच झाकणाखाली, धूर व धूळ यांच्यासह, माणसांच्या श्वासाच्या पातळीवर राहतात. म्हणून त्रास दुपारच्या उन्हात न होता रात्री व सकाळी होतो, असे रोगी सांगतो. धुराने नाकाचे व श्वासनलिकेचे अस्तर अगोदरच दुखावलेले असते; त्यावर पराग पडला म्हणजे बाधा अधिक होते.

फणसवाडीतील हिवाळ्याचा एक दिवस

हे सारे नियम फणसवाडीला लावून पाहू. मुंबईची थंडी सौम्य असते. सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. असे दिवस विरळा. पण थंडी सौम्य असली तरी वाऱ्यांची दैनंदिन पाळी येथे फार ठळक असते.

रात्री व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. ते पूर्वेकडून व ईशान्येकडून येतात, म्हणजे साष्टीच्या, ठाण्याच्या व त्यापलीकडील डोंगरझाडीच्या बाजूने येतात. आदल्या दिवशी तेथील झाडांनी सोडलेल्या परागाचा काही अंश त्यांच्याबरोबर शहरावर येतो. वारा मंद, वर झाकण, आणि दोन्ही बाजूंना तीन-चार मजली इमारती असलेल्या अरुंद गल्ल्या. अशा ठिकाणी हवा साचून राहते. फणसवाडीतील मूल सकाळी शिंकते तेव्हा त्या वाडीतच दोषी झाड असले पाहिजे, असे मुळीच नाही.

दुपारच्या सुमारास पश्चिमेकडून, गिरगाव चौपाटीच्या बाजूने, खारे वारे सुरू होतात. समुद्रावर झाडे नसल्याने ही हवा सामान्यतः स्वच्छ असते व वाडीतील साचलेली हवा हलविते. मात्र दोन अपवाद सांगितले पाहिजेत. एक, हिवाळ्यात खारे वारे उशिरा सुरू होतात. जितका उशीर तितका वेळ हवा तुंबलेली राहते. दुसरा, रात्री मतलई वाऱ्यांनी समुद्रावर नेलेल्या हवेचाच काही भाग दुपारी खारे वारे परत आणतात.

तिसरी गोष्ट पावसाची. ऑक्टोबरात गेलेला पाऊस जूनपर्यंत पुन्हा येत नाही. त्यामुळे पडलेला पराग धुतला जात नाही. तो गच्चीवर, कठड्यावर, जिन्यात व माळ्यावरील सामानावर साचतो आणि केरसुणीच्या प्रत्येक फटकाऱ्याबरोबर पुन्हा उडतो. फणसवाडीतील चाळीला जे लागू तेच गावातील ओसरीला व माडीलाही लागू आहे.

दव, धुके आणि अवकाळी पाऊस

दव व धुके पराग दाबून धरतात, तो कायमचा नाहीसा करीत नाहीत. ओला कण जड होतो व झाडावरच राहतो. ऊन पडले की पुन्हा सुटतो. भरपूर पाऊस झाला तर हवा धुतली जाते व दोन-तीन दिवस आराम पडतो. हिवाळ्यात मेघगर्जनेसह येणाऱ्या अवकाळी पावसाबाबत मात्र सावध राहावे. पाण्याने फुगून कण फुटतात व त्यातील अतिसूक्ष्म तुकडे वादळी वाऱ्याबरोबर पसरतात. अखंड कण नाकात अडकतो. तुकडे थेट फुप्फुसात जातात. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात २१ नोव्हेंबर २०१६ रोजी अशाच वादळात गवताच्या परागामुळे हजारो लोकांना एकाएकी दम्याचा झटका आला व काही जण दगावले. दम्याच्या रोग्याने वादळाच्या वेळी दारे-खिडक्या लावून घरात थांबावे.

लागवडीच्या चुकांचे धडे

परागबाधा पुष्कळदा निसर्गाने नव्हे, तर माणसाच्या लागवडीने वाढविली आहे. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर उजाड डोंगरांवर सुगी नावाच्या एकाच सूचिपर्णी वृक्षाची प्रचंड लागवड झाली. १९६४ मध्ये त्याच्या परागाची बाधा प्रथम नोंदली गेली. पुढे झाडे वयात आली आणि आज त्या देशातील एक-तृतीयांशाहून अधिक लोकांना दर फेब्रुवारी-मार्चमध्ये हा त्रास होतो. आदला उन्हाळा कडक गेला की पराग अधिक येतो आणि जानेवारी उबदार गेला की तो लवकर सुटतो, हे तेथील हवामानतज्ज्ञांनी पडताळले असून त्यावरून दरवर्षी अंदाज प्रसिद्ध होतो.

पाकिस्तानात इस्लामाबाद शहर वसविताना १९६० च्या दशकात झटपट हिरवळीसाठी कागदी तुती लावण्यात आली. आता तेथे मार्चमध्ये एका घनमीटर हवेत चाळीस हजारांहून अधिक परागकण मोजले गेले आहेत. अमेरिकेतील टेक्सास प्रांतात जुनिपरची एक जात डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात फुलते. थंड, कोरड्या वाऱ्याची लाट आली की झाडांवरून परागाचे लोट असे उठतात की पाहणाऱ्यास आग लागल्याचा भास होतो.

आपल्या शेजारचे उदाहरण गुजरातचे आहे. रस्त्यांच्या कडेला व संस्थांच्या आवारात भराभर वाढणारे व सदाहरित म्हणून कोनोकार्पस हे परदेशी झाड सर्वत्र लावले गेले. हिवाळ्यात त्याचा फुलोरा येऊन पराग पसरतो व त्यामुळे सर्दी, खोकला, दमा यांचा त्रास होतो, तसेच त्याची मुळे भूमिगत तारा व नळ यांना इजा करतात, असे कारण देऊन गुजरात शासनाने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीस बंदी घातली. महाराष्ट्रातील शहरांतही हे झाड लावलेले आढळते.

भारतात या विषयाचा अभ्यास जुना आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल वक्ष संस्थेत डॉ. शिवपुरी यांनी परागबाधेच्या संशोधनाचा पाया घातला. महाराष्ट्रात तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे प्रा. टिळक यांनी हवेतील पराग व बीजाणू यांचा अभ्यास रुजविला व त्यासाठी स्वतःचे यंत्रही तयार केले.

प्रत्येक खोकला परागाचा नव्हे

हिवाळ्यातील सारी दुखणी परागाच्या माथी मारणे धोक्याचे आहे. आश्विन-कार्तिकातील शिंका बहुधा गवताच्या परागाच्या असतात. मळणीच्या खळ्यावरील त्रास भुसा व बुरशीचा असतो. गाजरगवताने अंगावर खाज व पुरळ उठते. अंगदुखी, ताप व घट्ट पिवळा शेंबूड असेल तर ती संसर्गाची सर्दी समजावी. परागबाधेत ताप नसतो, नाकातून पाण्यासारखे पातळ गळते, डोळ्यांना व टाळूला खाज सुटते आणि त्रास दरवर्षी त्याच सुमारास येतो.

दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला असेल तर “फुलोऱ्याचा आहे, जाईल” असे म्हणून थांबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन थुंकीची तपासणी करून क्षयाची शंका दूर करून घ्यावी. मुलाच्या छातीतून शीळ येत असेल, बोलताना धाप लागत असेल, तर झाडपाल्याच्या काढ्यावर वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे. दम्यासाठी तोंडावाटे ओढावयाचे औषध वाईट सवय लावते ही समजूत चुकीची आहे. वेळेवर दिलेले ते औषध जीव वाचविते.

शेतकऱ्यांनी व कार्यकर्त्यांनी काय करावे?

१. शाळा, दवाखाना व वस्ती यांच्या अगदी लगत, विशेषतः हिवाळ्यातील वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूस, वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या झाडांच्या रांगा लावू नयेत. अशा जागी करंज, कांचन, बकुळ यांसारखी कीटकांकडून परागीभवन होणारी देशी झाडे लावावीत.

२. कोठेही एकाच जातीची सलग लागवड टाळावी. आठ-दहा जाती मिसळून लावल्या म्हणजे एका वेळी एकाच परागाचा लोंढा येत नाही. किडी-रोगांच्या दृष्टीनेही हे हिताचे आहे.

३. किनाऱ्यावरील सुरूची बने तोडू नयेत. ती वाळू व खारा वारा अडवितात. नवी पट्टी लावताना ती घरांपासून अंतरावर घ्यावी.

४. बाधा झाली म्हणून उभे झाड तोडण्याची घाई करू नये. पराग किलोमीटर-किलोमीटर प्रवास करतो. अंगणातील एक झाड गेल्याने तो थांबत नाही, सावली मात्र जाते. शहरी भागात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगीखेरीज झाड तोडता येत नाही, हेही ध्यानी असावे. वेडी बाभूळ काढावयाची असेल तर ती फुलण्यापूर्वी, पाऊस संपताच काढावी.

५. फुलोऱ्याच्या दिवसांत बाधा होणाऱ्याने पहाटे व सकाळी उघड्यावर निजू नये. अंथरूण-पांघरूण उघड्यावर वाळत घातले असेल तर घरात नेण्यापूर्वी झटकावे. हे काम दुसऱ्याने करावे. शेतातून आल्यावर तोंड, डोळे व केस धुवावेत. केर काढण्यापूर्वी पाणी शिंपडावे किंवा ओल्या फडक्याने पुसावे. नाकातोंडावर उपरणे किंवा पदर दुहेरी करून बांधावा.

६. पहाटे पालापाचोळा व कचरा जाळू नये. तो धूर झाकणाखाली कोंडतो व परागाची बाधा वाढवितो. पाचोळ्याचे कंपोस्ट करावे.

गावाची परागवही

ज्या गावात माध्यमिक शाळा आहे तेथे एक सोपा उपक्रम करता येण्याजोगा आहे. सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीला व्हॅसलिनचा अगदी पातळ लेप द्यावा व ती पावसापासून आडोसा असलेल्या, परंतु चोहोबाजूंनी वारा लागेल अशा उंच जागी चोवीस तास ठेवावी. दुसऱ्या दिवशी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावरील कण मोजावेत. आसपास फुललेल्या झाडांचे पराग अगोदर वेगळ्या काचपट्ट्यांवर घेऊन ठेवले म्हणजे ओळख पटविणे सोपे जाते. अमेरिकेतील ओ. सी. डरॅम यांनी १९४६ मध्ये याच तत्त्वावरील साधन प्रचारात आणले होते.

सूक्ष्मदर्शक नसला तरी वही ठेवता येईल. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत रोज सकाळी पाच गोष्टी लिहाव्यात: दव किंवा धुके होते काय, चुलीचा धूर सरळ गेला की आडवा पसरला, वारा कोठून होता, कोणती झाडे फुलली आहेत, आणि गावात किती जणांना शिंका व दम्याचा त्रास झाला. दोन हिवाळ्यांच्या नोंदी जमल्या म्हणजे कोणत्या आठवड्यात सावध राहावे हे गावालाच कळू लागेल. ही वही आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दाखवावी; रोग्याच्या उपचारात तिचा प्रत्यक्ष उपयोग होतो. मुंबईला असलेल्या मुलाबाळांनाही आपल्या वाडीतील अशीच नोंद ठेवण्यास सांगावे. गावी असताना त्रास, की फणसवाडीत असताना त्रास, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या म्हणजे मिळेल.

झाडे ही शेतकऱ्याची संपत्ती आहे आणि श्वास ही प्रत्येकाची. दोहोंत वैर नाही. कोणते झाड कोठे लावावे, ते केव्हा फुलते आणि त्या दिवसांत वारा कसा वाहतो, एवढे ज्याला ठाऊक आहे त्याला अंगणातील सावली राखूनही मुलांचा श्वास सांभाळता येतो.